असूनही

आमच्या घरात वांग्याच्या भरताचे दोन पंथ होते. जळगाव पंथाचे प्रमुख माझे वडील, म्हणजे नाना. धुळे पंथाचे प्रमुख माझे मामा. वांगी दोघांचीही तीच, ती काड्यांच्या जाळावरच भाजायची यावरही एकमत. हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, सगळं सारखं. मतभेद होता तो शेंगदाण्यांचा. आमच्याकडे शेंगदाणे अख्खे तळून घालायचे, मामांकडे कुटून. एवढ्याशा मुद्द्यावर त्या दोघांनी तीस वर्षं वाद घातला आणि दोघंही आपापल्या मतावर अढळ राहून देवाघरी गेले.

मामा धुळ्याहून पारोळा, एरंडोल करीत एस.टी.नं यायचे. हातपाय धुऊन पाटावर बसायचे, कळण्याच्या भाकरीबरोबर भरताचा पहिला घास घ्यायचे आणि माझ्या मायकडे असे बघायचे, की बहीण कुठल्या घरी दिली! माय मूळची धुळ्याचीच. पण लग्न होऊन आल्यावर वर्षभरात तिनं पक्षांतर केलं होतं, आणि पक्षांतर केलेला माणूस मूळच्या माणसांपेक्षा कडवा असतो हे आपण जाणताच. अख्ख्या शेंगदाण्याची बाजू नानांपेक्षा तीच जोरात मांडायची.

त्या वादातलं एक वाक्य माझ्या लक्षात राहिलं आहे. नाना म्हणायचे, "तुमच्या धुळ्याकडे तशी पद्धत आहे, दाजी." मामाही म्हणायचे, "तुमच्या जळगावकडे तशी पद्धत आहे." आपल्या भरताला मात्र दोघांपैकी कोणीच 'पद्धत' म्हणत नसे. आपलं ते भरीत, दुसऱ्याची ती पद्धत!

भरत संपलं की वाद गावावर यायचा. मामा सांगायचे, धुळं हे कॅप्टन ब्रिग्जनं १८१९ च्या सुमाराला रेघा मारून आखलेलं शहर आहे, तुमच्या जळगावसारखं वाटेल तसं वाढलेलं नाही. खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे १९०६ साली झाले. त्याआधी अख्ख्या खानदेशचा कलेक्टर धुळ्याला बसायचा. हे सांगताना मामांच्या चेहऱ्यावर असा भाव असे, की तो कलेक्टर जाताना किल्ल्या त्यांच्याकडे ठेवून गेला आहे. मग इतिहासाचार्य राजवाडे. "पुण्यात मंडळ काढलं, पण शेवटी आले कुठं? धुळ्याला!" राजवाडे १९२६ साली धुळ्यात वारले हे खरं, आणि लगेच पुढच्या वर्षी त्यांच्या नावानं धुळ्यात संशोधन मंडळ निघालं हेही खरं. पण मामांच्या सांगण्यात असा सूर असायचा, की धुळ्यात वारणं हा राजवाड्यांचा सर्वांत मोठा शोध. यावर नाना शांतपणे "आमच्याकडे सोनं आहे, केळी आहेत" एवढंच म्हणायचे आणि ताक प्यायचे.

नुसतं भरताचं आणि गावाचं असतं तर हा लेख लिहिला नसता. पण देव कसा आहे, लग्न कसं करावं, मुलाला किती मारावं, म्हाताऱ्यांनी किती बोलावं, मत कोणाला द्यावं, या सगळ्यांत हेच शेंगदाणे असतात. दुसऱ्याची असते ती विचारसरणी, आपलं ते शहाणपण. दुसऱ्याचा पूर्वग्रह, आपला अनुभव. दुसरा हट्टी, आपण तत्त्वनिष्ठ. आपली दृष्टी जगात सर्वांत चांगली, असं कोणी तोंडानं म्हणत नाही. तसं म्हणायला आधी आपल्याला एक 'दृष्टी' आहे हे मान्य करावं लागतं. चष्मा दुसऱ्याच्या नाकावर असतो, आपण आपले जे आहे ते बघतो!

हा रोग खानदेशातला नाही, आणि आजचाही नाही. हेरोडोटस नावाच्या ग्रीक इतिहासकारानं जवळजवळ अडीच हजार वर्षांपूर्वी एक गोष्ट लिहून ठेवली आहे. (भरताच्या लेखात ती आणल्याबद्दल जेवत असलेल्या वाचकांनी क्षमा करावी.) इराणचा बादशहा दारियस यानं दरबारातल्या ग्रीकांना विचारलं, "किती पैसे दिले तर तुम्ही तुमच्या मेलेल्या बापाला खाल?" ग्रीक मंडळी प्रेताला अग्नी देत. ते म्हणाले, कितीही दिले तरी नाही. मग त्यानं हिंदुस्थानातल्या कलातिया नावाच्या लोकांना बोलावलं, जे हेरोडोटसच्या म्हणण्याप्रमाणे आपल्या मृत आईबापांना खात. त्यांना विचारलं, "किती पैसे दिले तर बापाला जाळाल?" ते किंचाळलेच, असलं अभद्र बोलू नका म्हणाले. हेरोडोटसचा निष्कर्ष असा, की जगातल्या सगळ्या चालीरीती पुढे मांडून निवडायला सांगितलं, तर प्रत्येक जण नीट पाहून-सवरून शेवटी आपलीच निवडील.

अलीकडचा पुरावा पाहिजे असेल तर तोही आहे. एमिली प्रोनिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली अमेरिकेतली काही पाहणी प्रसिद्ध केली. तुमच्या मनात इतरांपेक्षा पूर्वग्रह जास्त की कमी, असं त्यांनी लोकांना विचारलं. त्यात एक पाहणी सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावरच्या प्रवाशांची होती. बहुतेकांचं म्हणणं पडलं, की इतरांपेक्षा आपल्यात कमी. एवढ्यासाठी विमानतळापर्यंत जायचं काही कारण नव्हतं. एरंडोलच्या स्टँडवर बसची वाट पाहणाऱ्या कुठल्याही दोघांनी हेच सांगितलं असतं, वर चहा पाजला असता.

आता माझ्याकडे वळतो. इथवर मी नाना, मामा, ग्रीक आणि अमेरिकन यांना हसत होतो. आणि मी वेगळा, असं तुम्हालाही वाटलं असेल, मला तर वाटतच होतं.

मी कॉलेजसाठी पुण्याला गेलो. आमच्या घरी भाषेचेही दोन पंथ. मामा अहिराणीत विचारायचे, "काय करी राहिना भाऊ?" नाना जळगावच्या बोलीत विचारायचे, "काय करू राहिला?" मामांना नानांचं 'करू राहिला' ऐकून हसू यायचं, नानांना मामांचं 'करी राहिना' ऐकून. पुण्यात गेल्यावर कळलं, की पुणं दोघांनाही हसतं, आणि दोघांतला फरक त्याला कळतही नाही. एका सज्जन गृहस्थांनी मला सांगितलं, "तुमच्याकडची भाषा किती गोड आहे!" ही 'गोड' शिवी आहे हे कळायला मला सहा महिने लागले. आपल्या भाषेला कोणी गोड म्हणत नाही. आपली ती शुद्ध.

वर्षभरात मी 'काय करतोयस' शिकलो. मायनं जसं भरतात पक्षांतर केलं होतं, तसं मी भाषेत केलं. आणि कडवेपणाचा नियम मलाही लागू पडला. सुट्टीत पुण्याचे दोन मित्र घरी आले. माय त्यांना आग्रह करकरून वाढत होती, आपल्या बोलीत भरभरून बोलत होती. मी स्वयंपाकघरात जाऊन तिला हळूच म्हणालो, "माय, तू जरा कमी बोल त्यांच्यासमोर."

ती रागावली नाही. "बरं" म्हणाली. आणि तिनं माझं ऐकलं, हीच तर पंचाईत झाली. त्यानंतर माझा कोणीही मित्र आला की माय पाणी आणून द्यायची, हसायची आणि आत जायची. पुढं कित्येक वर्षं.

मी मराठीचा मास्तर झालो. १९८० साल उजाडलं. बहिणाबाई चौधरींची जन्मशताब्दी. त्यांचा जन्म आमच्याच जिल्ह्यातल्या असोद्याचा, १८८० चा, सासर जळगावचं. शिकलेल्या नाहीत. शेतात नाहीतर जात्यावर काम करता करता रचायच्या. मुलगा सोपानदेव स्वतः कवी, त्यानं आणि एका नातलगानं जे कानावर पडलं ते उतरवून ठेवलं. १९५१ च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या, १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' निघाली आणि महाराष्ट्र थक्क झाला. तर त्या शताब्दीनिमित्त एका शाळेत मला भाषणाला बोलावलं. मी मायलाही बरोबर नेलं. मुलाचं भाषण ऐकायला माय पहिल्या रांगेत बसली.

भाषण मी फार तयारीनं केलं. "निरक्षर असूनही किती खोल तत्त्वज्ञान! खेडवळ असूनही किती प्रगल्भ दृष्टी! कुठलाही ग्रंथ न वाचलेला असूनही..." असे एकामागून एक सात-आठ 'असूनही' मी सोडले. टाळ्या पडल्या. घरी येताना माय गप्प होती. चौकात आल्यावर म्हणाली,

"अरे, ते शाळेत गेली असती तं जात्यावर कोन बसलं असतं? अन् जात्यावर बसली नसती तं हे सुचलं असतं काय? 'असूनही' कशाला म्हनू राहिला मंग?"

बहिणाबाईंवर नंतर मी पुष्कळ टीकाग्रंथ वाचले. यापेक्षा नेमकी टीका मला आढळलेली नाही.

कारण 'असूनही' हा शब्द साधा नाही. तो स्तुतीचा झगा घालून येतो, पण हातात फूटपट्टी असते. 'निरक्षर असूनही शहाणी' याचा अर्थ शहाणपणाचा कारखाना माझ्याकडे, शिक्का माझा. तुझ्याकडे माल कुठून आला याचं मला नवल वाटतं. 'खेडवळ असूनही', 'बाई असूनही', 'परधर्माचा असूनही माणूस चांगला'. बोलणारा मनापासून कौतुकच करीत असतो. आपण कुठल्या पायरीवर उभं राहून बोलतो आहोत हे तेवढं त्याला दिसत नाही. शिवी देणाऱ्यापेक्षा हा जास्त अवघड, कारण याच्याशी भांडताही येत नाही.

आणि या 'असूनही'च्या नवलात खरं काव्य वाचायचं राहून जातं. बहिणाबाईंची मनावरची कविता घ्या. ती महाराष्ट्रात शाळेत गेलेल्या प्रत्येकाला थोडीफार पाठ आहे. आम्ही मास्तर लोक 'साधी, सरळ, उत्स्फूर्त' म्हणून तिची बोळवण करतो. पण ती बाई काय करते बघा. मनाला पिकात शिरणाऱ्या गुराची उपमा देते. तेवढ्यानं भागत नाही म्हणून वाऱ्याकडे जाते, तिथून विषारी प्राण्यांकडे, मग पाखराकडे. शेवटी तेच मन एवढंसं बारीक आणि तेच आभाळाएवढं. एक उपमा दिली की ती अपुरी आहे हे तिला स्वतःलाच आधी कळतं, आणि ती दुसऱ्या बाजूनं बघायला जाते. ही उत्स्फूर्त साधेपणाची खूण नाही. आपल्याला दिसलं तेवढंच खरं असं न मानणाऱ्या माणसाची ही खूण आहे. आम्ही मात्र एका 'असूनही'वर समाधान मानून खाली बसलो.

आता तुम्हाला वाटेल, की मास्तर शहाणे झाले. झालो नाही. उलट दुसऱ्या बाजूला जाऊन पडलो. काही वर्षं मी 'असूनही'च्या जागी 'म्हणूनच' म्हणायला लागलो. निरक्षर म्हणूनच शहाणी. खेड्यातली म्हणूनच खरी. शहरी सगळं पोकळ. आमच्याच यावल तालुक्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांनी देशीवाद मांडला. साहित्य आपल्या मातीतून उगवावं, उसन्या मापांनी त्याला मोजू नये, असा त्याचा ढोबळ अर्थ, आणि तो मला अजूनही पटतो. फक्त आमच्यासारखे उत्साही लोक मातीत उभे राहता राहता त्याच मातीचा चौथरा कधी बांधतात आणि त्यावर कधी चढतात, ते समजत नाही. पुण्याच्या गृहस्थांनी माझ्या भाषेला गोड म्हटलं होतं. मी त्यांच्या भाषेला 'बेगडी' म्हणायला लागलो. शेंगदाणे अख्खे का कुटलेले, वाद तोच.

मायलाही मी या काळात संतपदाला नेऊन बसवलं होतं. तिनं तेही टिकू दिलं नाही. पुण्याच्या माझ्या एका स्नेह्यांकडे एकदा तिला घेऊन गेलो. त्यांनी विचारलं, "चहा घेणार का?" परत येताना माय रिक्षात मला म्हणते, "पाव्हन्याले इचारतात का कधी? कशे लोक रे हे!" मी समजावलं, की माय, त्यांच्याकडे तशी पद्धत आहे. माय म्हणाली, "पद्धत असंल. पन बरोबर नाही ते."

तात्पर्य, शिकलेला असो की न शिकलेला, कोणी सुटत नाही. मग करायचं काय? हल्लीचं एक सोपं उत्तर असं, की सगळ्यांच्या दृष्टी सारख्याच चांगल्या. हे म्हणणाऱ्या माणसाकडे नीट बघा. 'सगळ्यांच्या सारख्या' असं मानणारी आपली दृष्टी मात्र बाकी सगळ्यांपेक्षा उंच, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असतं. शिवाय ते खरंही नाही. बाईला शिकवू नये ही एक दृष्टी आणि शिकवावं ही दुसरी. या दोघी सारख्या कशा? निवड तर करावीच लागते.

मला यावर थोडा उजेड मिळाला तो अमळनेरात. बोरी नदीकाठचं हे गाव. साने गुरुजी तिथल्या शाळेत मास्तर होते हे सर्वांना ठाऊक आहे. पण ते तिथं आधी आले ते तत्त्वज्ञान मंदिरात शिकायला. प्रताप शेठजींनी १९१६ साली ही संस्था काढली. गिरणीमालकानं काढलेली, आणि मुख्यतः अद्वैताच्या अभ्यासासाठी. म्हणजे कुठली दृष्टी श्रेष्ठ हे पायाभरणीतच ठरलेलं. या जळगावात बहिणाबाई दळता दळता संसार म्हणजे काय ते सांगत होत्या, आणि पन्नास-साठ किलोमीटरवर अमळनेरात विद्वान मंडळी संसार माया आहे की नाही हे इंग्रजीत लिहीत होती. दोन्ही कारखाने एकाच वेळी चालू, आणि एकाचा आवाज दुसऱ्याला नाही!

पण या विद्वानांनी एक गोष्ट फार चांगली केली. १९३३ साली तिथल्या तिघांनी, मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती यांनी, मिळून एक पुस्तक काढलं. पुस्तकाचं नाव 'अज्ञान'. तीन पंडित एकत्र येऊन अज्ञानावर पुस्तक लिहितात, ही कल्पनाच मला मोठी लोभस वाटते. त्याहून लोभस हे, की तिघांचं एकमत झालं नाही, आणि ते तसंच एका पुठ्ठ्यात बांधून छापलं.

आपल्याकडे जुन्या शास्त्रग्रंथांत एक शिस्त होती, पूर्वपक्षाची. आपलं मत मांडण्याआधी विरोधकाचं मत मांडायचं. आणि चांगला ग्रंथकार ते इतकं चोख मांडतो, की विरोधकानं मान डोलवावी. मग त्याचं खंडन. आपलं मत सोडा, असं यात कोणी म्हणत नाही. दुसऱ्याचं मत ही 'पद्धत' नसून त्याच्या घरचं भरीत आहे, एवढं तरी निदान चाखून बघा, इतकंच म्हणणं.

२०२४ च्या फेब्रुवारीत त्याच अमळनेरात सत्त्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, आणि त्याच दिवसांत त्याच गावात विद्रोही साहित्य संमेलनही भरलं. गाव एक, भाषा एक, मांडव दोन. मी म्हातारा माणूस, दोन्हीकडे जाऊन बसलो. दोन्हीकडे पटणारंही पुष्कळ ऐकलं. फक्त मनात येत होतं, की या मांडवातल्या एखाद्या वक्त्यानं त्या मांडवाचा पूर्वपक्ष मांडावा, असा की तिकडच्यांनी माना डोलवाव्यात, आणि मग खुशाल झोडपावं. असा प्रयोग माझ्या तरी पाहण्यात आला नाही. चहा मात्र दोन्हीकडे न विचारता मिळाला. खानदेशच तो!

सोपानदेव चौधरींबद्दल मला अलीकडे राहून राहून वाटतं. आई जसं बोलली तसं त्यांनी उतरवून घेतलं. माझी मायही जात्यावर ओव्या म्हणायची. लहानपणी तिच्या मांडीवर डोकं ठेवून मी त्या ऐकल्या आहेत. ती काही बहिणाबाई नव्हती. पण ज्या होत्या त्या तिच्या होत्या. सोपानदेवांनी आईची भाषा लिहून घेतली. मी माझ्या मायची दुरुस्त केली. आता आठवायला बसलो तर ओवीचा पहिला चरण आठवतो, आणि दुसरा माझ्या शुद्ध मराठीत येतो. तो तिचा नव्हे, हे मला कळतं. तिचा कुठला, ते कळत नाही.

असो. परवा धुळ्याहून मामेभाऊ आला होता. तोही आता सत्तरीला टेकलेला. मी ठरवून त्याच्यासमोर मामांचा पूर्वपक्ष मांडला: शेंगदाणा कुटला की त्याचं तेल भरतात उतरतं, प्रत्येक घासाला त्याची चव सारखी लागते, आणि दात नसलेल्या माणसालाही खाता येतं. भाऊनं मान डोलवली. म्हणाला, "बाबा अगदी असंच म्हणायचे." मग मी बायकोला सांगून त्या दिवशी शेंगदाणे कुटूनच घालायला लावले.

चांगलं झालं होतं. खरंच चांगलं झालं होतं.

पण भरीत नव्हे ते.